एकाच मुहूर्ताच्या दोन पेट्या

दूध मोजायच्या दोन्ही पेट्या एकाच मिनिटाला सुरू झाल्या पाहिजेत, असं गणपतरावांनी जाहीर केलं आणि त्यांच्या मुलीनं, अनुजानं, हातातला चहा खाली ठेवला.

"आबा, मी एकटी हाय. दोन गल्ल्यांत एका वेळी कशी उभी राहू?"

"ते तुझं तू बघ. आधी माझी आणि मग अण्णाची, असं न्हाई चालायचं. आधी अण्णाची आणि मग माझी, असंबी न्हाई."

"यंत्राला काय कळतंय, आधी कोण आणि मग कोण?"

"यंत्राला न्हाई कळत. गावाला कळतंय की."

चिमणाबाई भाकऱ्या थापत होत्या. नवऱ्याचं हे बोलणं चुकीचं आहे असं त्यांना म्हणता आलं नाही, कारण गावाला काय कळतं ते त्यांनी चांगलं भोगलं होतं.

आंबगोळात पूर्वी दुधाचं एकच केंद्र होतं. गणपतराव आणि अण्णासो या दोघांनी मिळून ते काढलेलं. एक मराठ्याच्या घरातला, दुसरा जैनाच्या, पण शाळेत एका बाकावर बसलेले आणि मास्तरांचा मार वाटून घेतलेले. पहाटे कंदिलाच्या उजेडात पितळी मापानं दूध मोजायचं, एकानं माप धरायचं, दुसऱ्यानं आकडा सांगायचा. मागच्या अंगणात चिमणाबाई आणि अण्णासोंच्या सीताबाई राखेनं कॅन घासत बसायच्या. कॅन लख्ख व्हायचे आणि अख्ख्या गावाच्या बातम्याही घासून निघायच्या. चिमणाबाईंना अजून वाटायचं, तसं हसणं पुन्हा कधी हसताच आलं नाही.

मग केंद्राला पाटी लावायची टूम निघाली. जयसिंगपूरहून पेंटर आला. त्यानं खाली 'दूध केंद्र' रंगवलं आणि वर नावं घालायला ब्रश उचलून विचारलं, "आधी कुणाचं?" गणपतराव म्हणाले, "घाल की अण्णाचं." अण्णासो म्हणाले, "छे, गणपाचं घाल." तोवर ठीक होतं. पण पेंटरनं खरोखरच 'गणपतराव' लिहायला घेतलं आणि अण्णासोंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते चिमणाबाईंना दिसलं, सीताबाईंनाही दिसलं. संध्याकाळपर्यंत पेंटर लिंबाखाली झोपून राहिला आणि शेवटी काढलेलं अक्षर पुसून, वरची जागा कोरी ठेवूनच निघून गेला. पुढच्या महिन्यात गावात दोन केंद्रं झाली, वरच्या गल्लीत गणपतरावांचं आणि खालच्या गल्लीत अण्णासोंचं. दोन्ही पाट्यांवर एकेकच नाव, म्हणजे आधी कोण हा प्रश्न मिटला.

पुरुषांचं बोलणं बंद झालं. बायकांनी काही दिवस नदीवर धुणं धुताना भेटून घेतलं. मग घरोघर नळ आले. नळ आले म्हणून सगळं गाव आनंदलं, या दोघी सोडून.

इतकी वर्षं गेली. अनुजा शिकली, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या कंपनीत लागली. ती कंपनी दूध केंद्रांसाठी पेट्या बनवत असे. दूध काट्यावर ठेवलं की वजन आणि फॅट थेट दूध संघाच्या कोल्हापुरातल्या मुख्य कचेरीत दिसायचं, मधे कुणाचा हात नाही. पेटीतून आकडे बाहेर पाठवायला एक नेटवर्क कार्ड असतं आणि त्या कार्डाला कामाला लावणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर अनुजानं लिहिलेला. संघानं दोन्ही केंद्रांना सांगितलं, महिनाभर पेट्यांवर काम करा, आकडे नीट आले की एकच केंद्र करू आणि पाटीवर फक्त गावाचं नाव घालू. दोघांपैकी कुणी 'हो' म्हणालं नाही, पण 'नाही'सुद्धा म्हणालं नाही. आंबगोळात याला होकारच म्हणतात.

चिमणाबाईंना फॅटचं आणि आकड्यांचं काही पडलं नव्हतं. केंद्र एक झालं की सीताच्या स्वयंपाकघरात उघड्या दारानं जाऊन बसता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

पेट्या आल्या त्या दिवशी देवळाच्या पारावर शेजारी शेजारी मांडल्या. कुणी कुठली घ्यायची, यावर दोघे मित्र अनुजाच्या तोंडून बोलले.

"काकांना सांग, पहिली त्येनी उचलावी. वयानं थोरलं हाईत," गणपतराव म्हणाले.

"तुझ्या आबाला सांग, पोरगी त्येंची, पेटी त्येंची. पहिला मान त्येंचा."

"काकांना म्हणावं, आता उचलतायसा का दोन्ही मीच नेऊ?"

अण्णासोंनी पुढे होऊन डावीकडची उचलली. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या होत्या. आतल्या कार्डांवरच्या पट्ट्यांवर कारखान्यानं दिलेले पत्ते होते, तेही जवळजवळ सारखे. गणपतरावांच्या कार्डाचा शेवट अठ्ठावन्न आणि अण्णासोंच्या कार्डाचा एकोणसाठ. त्याच्याकडे बघायचं कारण कुणालाच नव्हतं.

मुहूर्त संध्याकाळचा निघाला. त्यातही अडचण होती. अण्णासोंच्या घरी दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत, म्हणजे पेढे त्याच्या आत वाटले पाहिजेत. देवळातली घंटा वाजली की दोन्हीकडे एकदम बटण दाबायचं असं ठरलं. आपल्या माणसाची पेटी आपोआप चालेल, पण खालच्या गल्लीचा मान राखला पाहिजे, म्हणून अनुजा लॅपटॉप घेऊन अण्णासोंकडे उभी राहिली.

घंटा वाजली. वरच्या गल्लीत लगेच फटाके लागले. खालच्या गल्लीत अण्णासोंनी बटण दाबलं आणि पेटीच्या छोट्या काचेवर इंग्रजी अक्षरं आली: कार्डाचा पत्ता चुकीचा आहे. सुरू करता येत नाही.

"काय म्हणालंय ते?" अण्णासोंनी विचारलं.

"काय न्हाई काका. नवं कार्ड हाय, जरा अडालंय."

"तिकडं फटाके लागले."

"व्हय काका, होतंयच."

"पेढा हातात घेऊन माणसं उभी हाईत पोरी. आणि सूर्य काय माझं ऐकायचा न्हाई."

सीताबाई ताट धरून दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "करू दे तिला. घाई नका करू." पण घाई हवेतच होती. अनुजानं लॅपटॉप जोडला. कार्डाचा पत्ता योग्य आहे की नाही हे तपासणाऱ्या दोन ओळी तिनंच ड्रायव्हरमध्ये घातल्या होत्या. कंपनीत असलंच कार्ड बिनबोभाट चाललं होतं, वरच्या गल्लीत तर फटाके वाजत होते, तेव्हा पत्ता चुकीचा असेलच कसा? तपासणीच जरा जास्त चिकित्सक झाली असणार. तिनं त्या दोन ओळी काढून टाकल्या.

हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या. अण्णासोंनी सूर्याकडे बघत पेढा तोंडात टाकला. यंत्र गप्प झालं होतं. गप्प झालेलं यंत्र आणि समाधानी यंत्र यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. माणसांचंही तसंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीतून फोन आला. वरच्या केंद्राचे आकडे झकास येत आहेत, खालच्या केंद्राचं काहीच नाही. शून्य.

अनुजानं वायर बदलली, प्लग बदलला, संध्याकाळी पेटीच उघडून फुंकर मारली. दिवा हिरवाच होता. आकडे मात्र पेटीतून निघायचे आणि वाटेतच कुठेतरी विरून जायचे. कचेरीचा नियम असा, की यंत्रावर आलं तेच दूध, कागदावरचं चालणार नाही. मग खालच्या गल्लीतली माणसं एकेक करून कॅन घेऊन वरच्या गल्लीत येऊ लागली.

"अण्णाची माणसं मला नकोत," गणपतराव म्हणाले. "परत जावा."

"परत जाऊन काय करू? वड्यात वतू?"

"अण्णाला वाटंल, मी फोडालोय तुम्हाला."

"त्येंना कवाच वाटलंय. पोरगीनं बापाचं तेवढं चालवलं आणि काकाचं बसवलं, असं सगळी म्हणालीत. आता दूध घेतायसा का न्हाई?"

गणपतरावांनी मान खाली घालून दूध घेतलं.

अण्णासोंनी मात्र आपल्या घरच्या म्हशींचं दूध वर पाठवायला साफ नकार दिला. ते घरातच राहिलं. सीताबाईंनी दही लावलं, खवा आटवला, शेजाऱ्यांना वाटलं. मग शेजारीही पुरे म्हणू लागले. एके दिवशी चिमणाबाई सीताबाईंच्या घरामागच्या परड्याच्या कुंपणापाशी गेल्या तर त्या दह्याच्या भांड्यांमध्ये बसलेल्या.

"सीते, अगं हे काय मांडलंयस?"

"दही. बघालीस न्हवं. आता आंघोळबी दह्यानंच करायची ऱ्हायलीया."

"ते कॅन दे हिकडं. आमच्या दुधाबरोबर मापात घालते. पैसे आलं की तुझं तुला आणून देते."

"ह्येंना कळलं तर?"

"कोण सांगतंय? तू न्हाई, मी न्हाई, म्हशी तर न्हाईच न्हाई."

खूप वर्षांनी दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. चिमणाबाईंना वाटलं, हे हसणं सुरू झालं ना, आता बाकीचं होईल.

त्यांना हे ठाऊक नव्हतं, की संघानं प्रत्येक घराचं दूध मोबाइलवर दिसायची सोय केली होती. अण्णासो स्वतःच्या शून्याकडे बघून झालं की गणपतरावांचा आकडा बघायचे. तो अचानक दुपटीला गेला. म्हशी त्याच, वैरण तीच.

"गणपाच्या म्हशींनी काय यंत्र बघून पान्हा सोडलाय का?" त्यांनी सीताबाईंना विचारलं.

सीताबाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सगळं सांगितलं. अण्णासो ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून ते म्हणाले, "पहिल्या पाटीवरनं नाव गेलंतं. आता दूधबी त्येच्याच नावावर गेलं."

पुढच्या बाजाराला ते वडगावला गेले आणि म्हशी विकून आले. जयसिंगपुरात दुकान चालवणारा त्यांचा मुलगा जिनेंद्र धावत आला, तर म्हणाले, "मापात न येणारं दूध काढायचं कशाला?" गोठ्यात दावी तेवढी राहिली. चिमणाबाई पुन्हा कुंपणापाशी गेल्या. सीताबाई दाव्यांची वेटोळी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू आली नसतीस तर दह्यावर भागलं असतं गं."

त्याच आठवड्यात अनुजाला चूक सापडली. ती दोन्ही पेट्यांतली कार्डं काढून आईच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. एकदा कार्डावरची पट्टी बघे, एकदा लॅपटॉप बघे. मग तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काय झालं?" चिमणाबाईंनी विचारलं.

"आई, हे उलटं वाचालंय. सगळंच उलटं वाचालंय."

"नीट सांग. मला कळंल असं सांग."

अनुजा सांगू लागली. प्रत्येक कार्डाला कारखान्यात एक पत्ता मिळतो, सहा जोड्यांचा. जुन्या कार्डातून त्या जोड्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं बाहेर यायच्या. कंपनीनं नवीन कार्ड घेतलं, त्यातून शेवटची जोडी आधी येते. अनुजाचा ड्रायव्हर जुनाच, आलेली पहिली जोडी तो पहिलीच समजून लिहितो.

"म्हंजे वरातीत मागचा माणूस दारातनं आधी आला आणि तुम्ही त्येलाच नवरा समजून हार घातला."

"अगदी तसंच."

"मग आबांची पेटी कशी चालली? तिथंबी उलटंच असणार की."

"तिथं उलटा पत्तासुद्धा खपून गेला. नाव उलटं, पण एका माणसाचं नाव वाटावं असं. पहिली जोडी सम आली की ते एकाचं नाव. काकांच्या कार्डाचा शेवट विषम. उलटं केल्यावर तो पहिला आला. आणि पहिली जोडी विषम असली की नेटवर्कमध्ये त्याचा अर्थ एक माणूस न्हाई. त्याचा अर्थ, सगळी."

"सगळी म्हंजे?"

"समजा, एखाद्या पत्राखाली सही केली, समस्त ग्रामस्थ. मग उत्तर कुणाच्या घरी पाठवायचं? काकांची पेटी प्रत्येक आकड्याखाली समस्त ग्रामस्थ म्हणून सही करालती. वाटेतलं यंत्र ते बघून फेकून देत होतं."

चिमणाबाईंनी फरशीवरचं एक कार्ड उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाल्या, "आणि तूच म्हणालीतीस, पेटीनं पहिल्या दिवशी हे सांगितलंतं न्हवं? पत्ता चुकीचा हाय म्हणून?"

"व्हय."

"मग?"

"मी तिचं तोंड बंद केलं. पेढे वाटायचे होते."

अनुजानं ड्रायव्हर दुरुस्त केला. काढलेल्या दोन ओळी परत घातल्या. एक पेटी आधी नीट करून बघावी असं तिच्या मनात होतं, पण गणपतरावांनी पुन्हा तेच सांगितलं. आधी कुणी नाही, मागून कुणी नाही. दोन्हीकडे एकदम. या वेळी घंटा वाजवायला कुणी आलं नाही. वरच्या केंद्रात अनुजानं आणि खालच्या केंद्रात जिनेंद्रनं, फोनवर बोलत, एकाच क्षणी बटण दाबलं.

खालच्या गल्लीची पेटी पहिल्यांदाच कचेरीत पोचली. आणि वरच्या गल्लीची बंद पडली.

कारण साधं होतं. कचेरीचं यंत्र नोंद असलेल्या पत्त्याचेच आकडे घेत असे. खालची पेटी कधी बोललीच नव्हती, म्हणून तिचा पत्ता त्यांनी कार्डावरच्या पट्टीवरून नोंदवला होता, सरळ. वरच्या पेटीचा पत्ता जसा आला तसाच नोंदवला होता, उलटा. आता गणपतरावांची पेटी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खरं नाव सांगत होती आणि कचेरी म्हणत होती, आम्ही यांना ओळखत नाही.

"एक फोन केला की होतंय आबा," अनुजा म्हणाली. "नोंद बदलून घेते."

"करू नको."

"का?"

"अण्णाची जितके दिवस बंद होती, तितके दिवस माझी बंद राहू दे. फिटंफाट."

"मग काकांना जाऊन सांगते तसं."

"सांगायचं कशाला? त्येला कळंल की. एका बाकावर बसलोय आम्ही."

अनुजा तरीही अण्णासोंकडे गेली, निदान चूक तरी कबूल करावी म्हणून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. उलट्या जोड्या, समस्त ग्रामस्थ, दोन ओळी. मग म्हणाले, "तुझी काय चूक न्हाई पोरी. पेटी मीच उचललीती." आबांनी आपली पेटी मुद्दाम बंद ठेवली आहे, हेही तिनं सांगून टाकलं. अण्णासो हसले. "त्येला म्हणावं, उपकार नकोत."

इकडे गावाला जे कळायचं ते कळलं. आधी पोरगीनं बापाचं चालवलं, बोभाटा झाल्यावर काकाचं चालवलं, एवढंच. वरच्या गल्लीतली माणसं कॅन घेऊन खालच्या गल्लीत निघाली. मुख्य कचेरीत बसलेल्यांना गल्ल्या ठाऊक नव्हत्या. त्यांना एवढंच दिसलं, की आंबगोळातलं एक केंद्र बंद आहे आणि सगळ्या गावाचं दूध दुसऱ्यावर बिनतक्रार येतं आहे. गणपतरावांचं फिटंफाट पुरं व्हायच्या आतच त्यांनी फोन करून कळवलं, एकच केंद्र पुरे. मग नवी पाटी आली. आंबगोळ दूध केंद्र. वर नाव नाही, खाली नाव नाही. जे सगळ्यांना हवं होतं ते तंतोतंत झालं.

पहिल्या दिवशी गणपतराव कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. काट्याशी अण्णासो होते, ज्यांच्या घरी आता एकही म्हैस नव्हती आणि जे सगळ्या गावाचं दूध मोजत होते. गणपतरावांची पाळी आली. इतक्या वर्षांत ते एवढे जवळ आले नव्हते. गणपतरावांनी कॅन खाली ठेवला आणि वाट बघितली.

"पावणं," अण्णासो म्हणाले, "झाकण काढा."

शाळेपासून ते त्यांना गणपा म्हणत आलेले. भांडणातसुद्धा गणपाच म्हणायचे.

चिमणाबाई मात्र ठरवल्याप्रमाणे उघड्या दारानं सीताबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सीताबाईंनी चहा टाकला. ओट्यावर दुधाची पिशवी होती, जयसिंगपूरहून जिनेंद्रनं आणलेली. सीताबाईंनी तिचा कोपरा कातरला तेव्हा दोघींनीही दुसरीकडे पाहिलं. चहा पाणचट होता. चिमणाबाई तो सगळा प्यायल्या आणि चांगला झालाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धार काढून गरम गरम दुधाचा तांब्या पदराखाली झाकून घेऊन गेल्या. सीताबाई दारातच भेटल्या. तांब्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"केंद्रावर मोजून आण गं आधी," त्या म्हणाल्या. "न मोजलेलं काय आमच्या घरात घ्यायचं न्हाई, असं ह्येंनी सांगून ठेवलंय."

"सीते, एक तांब्याच हाय."

"म्हायत हाय. तरीबी."

चिमणाबाई तांब्या घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, मोठमोठ्या कॅनच्या मधे. तांब्यातल्या दुधावरचा फेस हळूहळू बसू लागला. पाळी आली तेव्हा अण्णासोंनी तांब्या हातात घेतला, काट्यावर ठेवला, हिरव्या दिव्याकडे बघितलं. एवढासा आकडा, सरळ पत्त्यानं, नीट कोल्हापूरला पोचला. चिमणाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. वहिनी म्हणतील, काहीतरी म्हणतील.

अण्णासोंनी तांब्या त्यांच्या हातात परत दिला आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"पुढं कोण हाय?"